मेंदूतले हमाल आणि खर्ऱ्यातली सुपारी

नागपूरच्या कुठल्याही चौकात पाच मिनिटे उभे राहा. पानठेल्यावरचा माणूस पन्नीत सुपारीचा चुरा घेईल, त्यात तंबाखू आणि चुना टाकेल, पाण्याचे दोन थेंब सोडेल आणि ते सगळे तळहाताखाली घासत बसेल. याला आमच्याकडे ‘खर्रा घोटणे’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना ‘मावा’ म्हटले की अंदाज येईल. विदर्भात खर्ऱ्याला वेळ नाही, काळ नाही, वय नाही आणि जातधर्मही नाही. कचेरीत साहेब आणि चपराशी एकाच पुडीतून खातात, आणि याला काही लोक समतेचे उदाहरण म्हणूनही सांगतात!

आज खर्ऱ्यातल्या सुपारीबद्दल सांगायचे आहे, पण वाट थोडी लांबची आहे. ती मेंदूतून जाते. मी मराठी साहित्याचा बी.ए., कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला होता. मात्र एका सुपारीखोर मित्राच्या आजारपणात काही वाचावे लागले, काही डॉक्टर मंडळींना विचारावे लागले आणि त्यातून एक अजब हकीकत हाती आली. इतवारीत, मस्कासाथेत पोत्यांनी उतरणाऱ्या या सुपारीचे धागे मेंदूतल्या एका अतिसूक्ष्म हमालापर्यंत आणि तिथून फेफऱ्याच्या एका औषधापर्यंत पोहोचलेले आहेत.

आधी मेंदू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या एकमेकींना निरोप देतात, म्हणून आपण बघतो, बोलतो, चालतो, रागावतो. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पण मेंदूत नुसते ‘कर, कर’ म्हणणारे निरोप असते तर काय झाले असते? एका पेशीने दुसरीला चेतवले, दुसरीने दहांना, दहांनी शंभरांना, असे होत होत सगळा मेंदू एकाच वेळी पेटला असता. काही वेळा खरोखर तसे होते. त्यालाच आपण फेफरे, मिरगी किंवा आकडी म्हणतो. एरवी ते होत नाही, कारण मेंदूत ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशीही आहेत. मेंदूच्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थरात अशा निरोधक पेशींचे प्रमाण साधारण पाचांत एक असे धरतात. चार बोलणारे आणि एक गप्प करणारा! साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरही हे प्रमाण लागू करायला हरकत नव्हती.

‘थांब’ हा निरोप ज्या रसायनाने दिला जातो त्याचे नाव गॅबा. हे गॅमा अमिनो ब्युटिरिक आम्लाचे लघुरूप. गंमत अशी की १९४९ मध्ये हे रसायन बटाट्यात सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि लगेच १९५० मध्ये अमेरिकेतल्या यूजीन रॉबर्ट्स यांना ते मेंदूत आढळले. बटाट्यातला पदार्थ मेंदूत काय करतो, हे कोडे सुटायला पुढे बरीच वर्षे गेली. आणखी एक गंमत म्हणजे गॅबा तयार होतो तो ग्लुटामेटपासून, आणि ग्लुटामेट हे मेंदूतले चेतवणारे मुख्य रसायन. म्हणजे ‘कर’मधला एक तुकडा काढून घेतला की ‘थांब’ होते. हे काम करणाऱ्या विकराला बी-६ जीवनसत्त्वाची जोड लागते.

आता हमालांकडे येऊ. शास्त्रज्ञ त्यांना ‘वाहक प्रथिने’ म्हणतात. मी हमाल म्हणतो, कारण बाजारात वाढलेल्या माणसाला हा शब्द जास्त कळतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. इतवारीतले हमाल एक दिवस बसले तर शेठजींचे काय होते, ते आम्ही पाहिलेले आहे.

निरोधक पेशीत दोन जागी हमाल लागतात. पहिला आत, कोठारात. तयार झालेला गॅबा पेशीच्या टोकाशी इवल्या इवल्या पिशव्यांत भरून ठेवावा लागतो. निरोप पाठवायची वेळ आली की या पिशव्या पेशीच्या भिंतीला लागून फुटतात आणि गॅबा बाहेर सांडतो. पिशवीत गॅबा भरणाऱ्या हमालाचे जनुक १९९७ मध्ये सापडले, आणि ते सापडले एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीमुळे. मातीत राहणाऱ्या या कृमीच्या काही पिलांत एक खोड होती. साधा कृमी हलताना अंगाची एक बाजू आखडतो आणि त्याच वेळी समोरची बाजू सैल सोडतो, म्हणून तो नागमोडी सरकतो. खोड असलेल्या कृमीला स्पर्श केला की दोन्ही बाजू एकदम आखडत आणि तो जागच्या जागी आखूड होई. एक बाजू आखडताना दुसरीला ‘तू थांब’ असे सांगायला त्याच्याकडे गॅबाच्या भरलेल्या पिशव्याच नव्हत्या. गॅबा होता, पण भरणारा हमाल निकामी होता. तोच हमाल थोड्या फरकाने उंदरात आहे आणि तुमच्याआमच्या डोक्यातही आहे.

या कृमीची हकीकत मला फार आवडली. थांबवण्याची ताकद नसेल तर चालताही येत नाही, हे मी यतिभंगावर वाद घालताना अनेकदा सांगितले आहे. माझ्या बाजूने कृमीची साक्ष निघेल असे मात्र वाटले नव्हते.

दुसरा हमाल पेशीच्या बाहेरच्या भिंतीत असतो, आणि सुपारीचा संबंध येतो तो याच्याशी. दोन चेतापेशींमध्ये एक फट असते. ती मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. गॅबा या फटीत सांडतो, पलीकडच्या पेशीवरच्या कुलपांत बसतो, तिथले दार उघडते, क्लोराइड आत शिरते आणि ती पेशी शांत होते. निरोप पोहोचला. आता फटीत उरलेल्या गॅबाचे काय? तो तिथेच राहिला तर ‘थांब’ संपणारच नाही आणि पुढचा निरोप कधी आला ते कळणार नाही. घंटा वाजवून झाली की तिच्यावर हात ठेवावा लागतो, तसे हे आहे. भिंतीतला हमाल फटीतला गॅबा उचलतो आणि पेशीत परत नेतो. तिथे तो पुन्हा पिशव्यांत भरला जातो. थोडा माल शेजारच्या तारकापेशीही आपल्या हमालांकरवी नेतात.

या हमालाला ‘गॅट-१’ म्हणतात. हे प्रथिन दोऱ्यासारखे भिंतीतून बारा वेळा आरपार गेलेले असते आणि मधोमध मालाची जागा असते. जुन्या वाड्याला देवडी असते. बाहेरचे दार उघडे असताना आतले बंद आणि आतले उघडले की बाहेरचे बंद, असा कडक शिरस्ता पाळणारी देवडी डोळ्यांसमोर आणा. दोन्ही दारे एकदम कधीच उघडत नाहीत. हा हमाल फुकट काम करत नाही. गॅबाच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन आणि क्लोराइडचा एक कण आला, तरच तो खेप करतो. सोडियम आणि क्लोराइड म्हणजे आपले मीठच. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त आणि आत कमी असते, म्हणून ते सारखे आत यायला बघते. उतारावरून धावणाऱ्या या सोडियमच्या जोरावर गॅबा आत ओढला जातो. आत आलेले सोडियम पुन्हा बाहेर फेकायला वेगळे पंप आहेत आणि खरा खर्च त्यांचा आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला वाटा सुमारे २० टक्के. तो का, याचे बरेचसे उत्तर अशा पंपांत आहे. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही आत हमाली चालूच असते.

आता सुपारी. १८८८ ते १८९१ या काळात यान्स नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुपारीतून काही अल्कलॉइडे वेगळी काढली. अरेकोलिन, अरेकेडिन, गुवासिन. पहिल्या दोघांची नावे ‘अरेका’ या वनस्पतिशास्त्रातल्या नावावरून आली, हे उघड आहे. पण गुवासिन? अमरकोशात सुपारीच्या झाडाला पूग, क्रमुक अशी जी नावे दिली आहेत त्यांत एक ‘गुवाक’ आहे. त्यावरून गुवासिन. जर्मन प्रयोगशाळेतल्या बाटलीवर संस्कृत शब्दाची चिठ्ठी लागली आणि आम्ही मात्र तो शब्द विसरून गेलो.

पुढे ८४ वर्षे गेली. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातले ग्रॅहम जॉन्स्टन आणि डेन्मार्कमधले पोव्हल क्रोग्सगार्ड-लार्सन यांनी सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूचे पातळ काप करून त्यांवर त्यांनी सुपारीतली ही द्रव्ये सोडली. गुवासिन आणि अरेकेडिन यांच्यामुळे गॅबाची उचल मंदावली. दोघांचाही रेणू गॅबाशी मिळताजुळता आहे. तेच मालाच्या जागेवर ठाण मांडतात आणि गॅबाला जागा मिळत नाही. हमाल अडला की गॅबा फटीत जास्त वेळ राहतो आणि ‘थांब’ लांबते.

इथे चुन्याची करामत आहे. कच्च्या सुपारीत अरेकोलिन जास्त असते. चुना लागला की त्यातल्या काही अरेकोलिनचे अरेकेडिन होते आणि गुवाकोलिनचे गुवासिन. म्हणजे आमच्या आजीने पानदान उघडून पानाला चुना लावला तेव्हा आणि ठेलेवाल्याने आज पन्नीत चुना घोटला तेव्हाही, नकळत तीच रासायनिक क्रिया झाली जी प्रयोगशाळेत मुद्दाम करतात.

फेफऱ्याचे औषध शोधणाऱ्यांच्या लक्षात आले की ज्याच्या मेंदूत ‘थांब’ कमी पडते त्याच्या फटीत गॅबा थोडा जास्त रेंगाळला तर झटके आटोक्यात येतील. झोपेच्या गोळ्यांचा एक मोठा वर्ग पलीकडच्या कुलपावर काम करतो. इथे कुलपाला हात न लावता नुसते हमालाला रोखायचे होते. गुवासिनच्या धर्तीवर निपेकोटिक आम्ल घेऊन पाहिले. काचपात्रात ते उत्तम चाले, पण पोटातून किंवा रक्तातून दिले तर मेंदूत पोहोचतच नसे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फार सोवळी असते. तेलातुपात विरघळणाऱ्याला ती आत घेते. ही द्रव्ये पाण्याची पोरे, म्हणून ती दारातच राहत. मग निपेकोटिक आम्लाला तेलात विरघळणारी एक शेपटी जोडण्याची युक्ती निघाली. डेन्मार्कमधल्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने असे शेपटीवाले द्रव्य तयार केले. त्याचे नाव टायागाबिन. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांवर, इतर औषधांच्या जोडीला ते देतात. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने माणसाच्या गॅट-१ चे, त्यात टायागाबिन अडकलेले असतानाचे, रूप प्रसिद्ध केले. देवडीचे आतले दार उघडे आहे आणि औषध पाचरीसारखे तिथे रुतून बसले आहे, असे त्यात दिसते.

हे ऐकून कुणी म्हणेल, ‘म्हणजे थांबवणारे रसायन जितके जास्त तितके बरे!’ तसे नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की ज्यांना फेफरे कधीच नव्हते अशांना दुसऱ्याच तक्रारीसाठी टायागाबिन दिले गेले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना उलट झटके आले. आणि हमाल जन्मतःच अधू असेल तर? २०१५ मध्ये एक गोष्ट स्पष्ट झाली. गॅट-१ च्या जनुकातच दोष असलेल्या काही मुलांना लहानपणी झटके येतात. काहींचा तोल एकाएकी जाऊन ती खाली पडतात, काही क्षणभर शून्यात पाहत राहतात, अनेकांचे बोलणेही उशिरा येते. गॅबा वाढला की झटके कमी व्हावेत आणि इथे तो उचलणाराच नाही तरी झटके! याचा अर्थ मेंदूला गॅबा हवा तो वेळेवर यायला आणि वेळेवर जायला. सतत ठिबकत राहणारा ‘थांब’ हा थांब उरतच नाही.

हे सगळे मी आमच्या त्या मित्राला उत्साहाने सांगितले. तोही कवी. मुशायऱ्यात तरन्नुममध्ये वाचणारा, आवाज असा की मागच्या रांगेत माईक लागू नये. दिवसाला सात-आठ पुड्या खर्रा. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘म्हणजे मिया, मी इतकी वर्षे औषधच खात होतो की!’

नव्हता खात. हा गैरसमज पसरू नये म्हणूनच हे भाषण करायला मी होकार दिला. जॉन्स्टनसाहेबांचा प्रयोग मेंदूच्या कापांवर होता, तोंडातल्या तोबऱ्यावर नव्हता. गुवासिन आणि अरेकेडिन यांना मेंदूची ती सोवळी भिंत सहजी ओलांडता येत नाही, म्हणून तर शेपटी लावावी लागली. खर्रा तोंडात टाकल्यावर जी तरतरी येते ती मुख्यतः अरेकोलिनची आणि तंबाखूतल्या निकोटिनची. अरेकोलिन भिंत ओलांडते आणि अगदी वेगळ्या, चेतवणाऱ्या कुलपांवर बसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणे निकोटिनच्या काही कुलपांवरही ते काम करते. सुपारी सुटता सुटत नाही याचे एक कारण तिथे असावे. म्हणजे हमालाला अडवणारा जिन्नस तोंडातच राहतो, मेंदूपर्यंत जातो तो चटक लावणारा.

आणि तोंडात काय होते? अरेकोलिन गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू तयार करणाऱ्या पेशींना कामाला लावते. मऊ अस्तर हळूहळू पांढरट, चामड्यासारखे ताठ होते. आधी तिखट लागेनासे, म्हणजे सोसेनासे होते, मग जांभई देताना जबडा अडतो. १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी या विकाराचे वर्णन भारतीय वैद्यकीय नियतकालिकात केले. पुढे १९६६ मध्ये मुंबईच्या कर्करोग संशोधक सत्यवती शिरसाट आणि कोपनहेगनचे दंतवैद्यकतज्ज्ञ पिंडबोर्ग यांचा त्यावरचा निबंध आला. तो आजही आधाराला घेतात. पुन्हा डेन्मार्क! ज्या देशात सुपारीचे एक झाड नाही त्या देशाने सुपारीतून औषधही काढले आणि तिच्या रोगावरही लिहिले. हा विकार झालेल्या काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रसिद्ध केले की, तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते. ‘मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी चघळतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आली. गुटख्याची पाकिटे टपरीच्या दर्शनी भागातून हलली, पण खर्रा तर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानात दारूबरोबर खर्ऱ्यावरही गावोगाव काम झाले आहे. शहरांत तसे काही जोमाने होताना मला दिसत नाही. आपल्याकडे लग्न ठरले तर सुपारी फुटते, पूजेत गणपती म्हणून सुपारी मांडतात, आमच्या घरी पाहुण्यासमोर पानदान सरकवले नाही तर यजमानाची अब्रू जाते. ती सुपारी फुटू द्या, पूजेत बसू द्या. तोंडात टाकण्याबद्दल मी बोलतो आहे.

एक साधी तपासणी घरी करता येते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमधून तोंडात घाला. साधारण निरोगी माणसाचे तोंड तेवढे उघडते. दोनच बोटे जात असतील, तिखटाने जळजळ होत असेल, तर दंतवैद्याकडे जावे. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. ताठ झालेले अस्तर सहसा पहिल्यासारखे होत नाही, पण सुपारी सोडली तर पुढची वाढ रोखण्याची संधी मिळते, आणि व्यायामाने जबडा थोडाफार मोकळा करता येतो.

आमच्या मित्राच्या तोंडात दीड बोट जात होते. डॉक्टरांनी त्याला आइसक्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला सांगितले आहे, आठवड्याला एखादी वाढवायची. सुरुवातीला आठ काड्या जात, आता अकरा जातात. खर्रा सोडून पाच महिने झाले. मागच्या जुम्म्याला भेटला तेव्हा त्याने नव्या गझलेचा मतला म्हणून दाखवला. ‘आ’कार अजून पुरता उघडत नाही, म्हणून काफिया त्याने ‘ई’चा घेतला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)